जुन्या विमानांचे कौतुक

जुन्या, दणकट विमानांवर लुब्ध असणाऱ्या माणसांना पुष्कळ जण खुळे समजतात. नवी विमाने अधिक वेगवान व अधिक सुरक्षित आहेत, हे खरेच. तरीही त्या प्रेमात काही सार आहे, असे आम्हांस वाटते.

'डाकोटा'चेच पाहा. त्याच्या मूळ विमानाने पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजी केले. पुढे दोन मोठी चाके, शेपटीखाली एक लहान चाक, अशी त्याची ठेवण. त्यामुळे नाक उंच राहते आणि पंखे खडीमातीपासून दूर राहतात. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटांनी श्रीनगरला आपले सैनिक पोचविले. २४ मे १९४८ रोजी मेहर सिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, डाकोटा उतरविले.

मोडीत निघालेले असेच एक डाकोटा राजीव चंद्रशेखर यांनी इंग्लंडात दुरुस्त करवून भारतीय वायुदलास भेट दिले. २०१८ साली ते 'परशुराम' या नावाने दाखल झाले. समुद्र हटवून भूमी मिळविणाऱ्या परशुरामाची कथा ऐकत वाढलेल्या आम्हां कोकणी बोलणाऱ्यांना ते नाव समर्पक वाटते.

परंतु खरे कौतुक व्हावे ते दुरुस्त करणाऱ्या हातांचे. जे यंत्र उघडता येते आणि ज्याचा झिजलेला भाग बदलता येतो, तेच पिढ्यान्‌पिढ्या चालते. बऱ्हाणपुरातील यंत्रमागांची खटखट ऐकत वाढलेल्या इतवाऱ्याच्या मुलांना हे सांगावयास नको. विद्यार्थिमित्रहो, विमानांची चित्रे अवश्य जमवा. पण घरातील बिघडलेली सायकल आधी स्वतः उघडून पाहा. टाकून देणे सोपे असते. टिकविण्यास विद्या लागते.