आपण कसले हमाल?

शुक्रवारी रात्री रिलीज संपवून टीममधला एक जण म्हणाला, "आपण काय, कोडचे हमाल!" सगळे हसले. मीपण. शनिवारी मार्केट यार्डात भुसार बाजारात तांदूळ घ्यायला गेलो, समोरून पाठीवर पोतं घेतलेला माणूस आला, आणि ते हसू जरा टोचलं.

शब्द मूळचा अरबी. ह-म-ल, म्हणजे वाहणं. 'हम्ल' म्हणजे ओझं, आणि गर्भसुद्धा! 'हामिल' म्हणजे गरोदर बाई. कुराण मुखोद्गत असलेल्यालाही 'हामिल'च म्हणतात. सोसणं, शक्यता, चढाई (आपला 'हमला') हे सगळं याच घरातलं. मराठीत येईतो बाकीचं वाटेत सांडलं, उरलं फक्त पोतं. आणि आपण त्याचीही शिवी केली.

ज्यांचा हा शब्द, त्यांनी तो लपवला नाही. डॉ. बाबा आढावांबरोबर पुण्यात संघटना बांधली तिचं नावच 'हमाल पंचायत'. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या नावातही 'हमाल' आहे. मजुरी मंडळात जमा होते, मालकाकडून वर लेव्ही घेतात, त्यातून प्रॉव्हिडंट फंड वगैरे. हे कुणी बक्षीस दिलेलं नाही, भांडून मिळवलंय.

आणि आपण? जादा तासांचं नाव काढलं की मॅनेजर 'ओनरशिप'वर प्रवचन देतो, आणि युनियन म्हटलं की आपणच नाक मुरडतो. प्रोफेशनल ना आपण! तेव्हा मित्रा, पुढच्या शुक्रवारी स्वतःला हमाल म्हणवायचं असेल तर आधी त्या तासांचा हिशोब मागून दाखव. (हिशोब पण अरबीच बरं का.)