संगणकातून पुसलेला हिशेब परत मिळतो काय?

दुधाचा हिशेब, फवारणीच्या नोंदी, बचत गटाचे खाते आता पुष्कळ घरांत संगणकावर असते. शिकलेली मुले ते सांभाळतात. एखादे दिवशी भलतेच बटण दाबले जाते आणि वर्षाचा हिशेब दिसेनासा होतो. बँकेचे काम तोंडावर असले तर घरात रागवारागवी होते. रागावून फाइल येत नाही. उलट पोर घाबरून आणखी काहीतरी दाबते. म्हणून आधी हात थांबवावा.

साधारणपणे फाइल पुसली की तिचा मजकूर लगेच नाहीसा होत नाही. ती जागा मोकळी झाली, एवढीच नोंद संगणक करतो. मात्र त्या जागेवर नवे फोटो किंवा चित्रपट भरले, की जुना मजकूर कायमचा गेला. उभ्या पिकात नांगर घातल्यावर पीक कोठून मिळणार?

पुढील क्रमाने शोध घ्यावा.

१) फाइल पुसली नसून दुसरीकडे सरकली असेल. नावाने शोधून पाहावी.

२) पडद्यावरील 'रिसायकल बिन' उघडावी. फाइल तेथे असल्यास उजवे बटण दाबून 'रिस्टोअर' म्हणावे. ती मूळ जागी जाते.

३) 'शिफ्ट' धरून पुसलेली किंवा पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल बिनमध्ये जात नाही. अशा वेळी त्या डिस्कवर काहीही साठवू नये. 'रेकुवा', 'फोटोरेक' यांसारखे मोफत प्रोग्राम आहेत. ते दुसऱ्या डिस्कवर ठेवून चालवावेत आणि सापडलेली फाइलही दुसरीकडेच उतरवावी. नव्या संगणकांतील एसएसडी डिस्क पुसलेली जागा लवकर साफ करते. तेथे आशा थोडी.

४) मोबाइलमधील फोटो गेला असेल तर 'गुगल फोटोज'मधील 'ट्रॅश' पाहावे. बॅकअप घेतलेला फोटो तेथे ६० दिवस राहतो, न घेतलेला ३० दिवस.

एवढ्याने जमले नाही तर जाणकाराकडे जावे. पडद्यावर काय लिहून आले ते कागदावर उतरवून न्यावे. दुकानदाराला आधीच बजावावे, "फॉरमॅट करू नका, आत हिशेब आहे." तालुक्याच्या दुकानात संगणक सोडून येण्यापेक्षा शक्यतो समोर बसून काम करून घ्यावे.

"तुमचा संगणक बिघडला आहे, आम्ही दुरुस्त करतो," असा अनोळखी फोन आला तर तो ठेवून द्यावा. ओटीपी सांगू नये. सांगितल्यावरून 'एनीडेस्क'सारखे ॲप घेऊ नये. त्यातून परका माणूस तुमच्या पडद्यावर येतो. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

सातबारा गेला तर महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो. पण आपल्या हाताने लिहिलेला हिशेब दुसरीकडे कोठेच नसतो. म्हणून त्याच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर, एक ईमेलवर. पेनड्राइव्ह संगणकाला लावून ठेवू नये, कपाटात ठेवावा. दर बाजारच्या दिवशी नवी प्रत काढण्याचा नेम धरावा.

बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही. हिशेबालाही तोच न्याय लावावा.