कांडभग्न कीं संधिमुक्त?

हातावर पडून कोंपराखालीं सूज आली, कीं घरांतील वडीलधारीं माणसें ‘हाड मोडलें आहे कीं नुसता लचका?’ एवढेंच विचारतात. याहून एक अधिक प्रश्न विचारावयास हवा.

कोंपर व मनगट यांमध्यें दोन हाडें आहेत. करंगळीकडील हाड बहुतांशीं स्थिर राहतें व आंगठ्याकडील त्याभोंवतीं फिरतें. म्हणूनच तळहात उताणा करून आचमन करतां येतें आणि पालथा करून लिहितां येतें. सुश्रुतसंहितेंत भग्नाचे दोन भेद आहेत: हाड मोडलें तें कांडभग्न, सांधा निखळला तें संधिमुक्त. या भागांत मात्र दोन्ही एकाच वेळीं घडूं शकतात. मिलान येथील शल्यवैद्य मोंतेज्जिया यांनीं १८१४ मध्यें, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधापूर्वीं ८१ वर्षें, असा प्रकार वर्णिला: करंगळीकडील हाड वरच्या भागीं मोडतें आणि आंगठ्याकडील हाडाचें डोकें कोंपराशीं निखळतें. त्याच नगरांतील गालेआत्सी यांनीं १९३४ मध्यें उलट प्रकार विशद केला. त्यांत आंगठ्याकडील हाड मोडतें व सांधा निखळतो तो मनगटाशीं.

कारण उघड आहे. दोन्ही हाडें दोन्ही टोकांस एकमेकांशीं बांधलेलीं. एक मोडून आंखूड झालें कीं ताण सांध्यावर येतो. परंतु सर्वांचें लक्ष मोडल्या जागीं, त्यामुळें निखळलेला सांधा दृष्टीआड होतो. यास्तव क्ष-किरण-चित्रांत कोंपर व मनगट दोन्ही आलीं आहेत ना, हें वाचकांनीं अवश्य विचारावें. डॉक्टरांस राग येणार नाहीं. आला तरी चालेल.

लहान मुलांत पुष्कळदां भूल देऊन हाड बसवितात व प्लास्टर पुरतें. प्रौढांत तें प्लास्टरमध्यें पुन्हा सरकतें, आणि वांकडें जुळल्यास तळहात उताणा होईनासा होतो. म्हणून धातूची पट्टी स्क्रूंनीं घट्ट बसवून हाडाची लांबी व वळण पूर्ववत् करतात. तें नीट साधलें, कीं निखळलेला सांधाही बहुधा आपोआप जागीं येतो. ‘आधीं बांधून तर पाहूं’ म्हणत आठवडे घालविल्यास हेंच काम फार बिकट होतें.

आणि बांधण्याविषयीं. सैल बंधनानें स्थैर्य येत नाहीं व अतिघट्ट बंधनानें सूज, वेदना व पाक होतो, हें सुश्रुतांनींच बजाविलें आहे. घट्ट बंधनानें रक्त न पोंचून स्नायु मरतात व बोटें कायमचीं आंखडतात, हें जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनीं १८८१ मध्यें मांडलें. पट्टी वा प्लास्टर घातल्यावर वेदना वाढतच चालली, बोटें सरळ करतांना मूल किंचाळूं लागलें, तर नाडी लागते म्हणून स्वस्थ बसूं नये. रात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गांठावें. अशा स्नायूंस अवधि कांहीं तासांचाच असतो.