डोंगल कुणाच्या खिशात?

सातबारावर नाव बदलायचं तर तलाठ्यानं फेरफार नोंदवायचा, हरकतीसाठी 15 दिवस द्यायचे, मग मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित करायचं. जमीन महसूल संहितेचं कलम 150 हेच सांगतं. आपली पोरं पुण्यात कोड लिहितात, तिथं गिटवरही बहुधा हीच रीत: एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचं.

आता ई-फेरफारात सही डोंगलमध्ये असते. ते डोंगल पासवर्डसकट एखाद्या 'झिरो' तलाठ्याकडं गेलं तर? नोंदीवर नाव भाऊसाहेबांचं, काम भलत्याचंच! नरसीच्या शेतकऱ्यानं जाब विचारायचा कुणाला?

बदली झाली की जुना लॉगिन त्याच दिवशी बंद करा. आणि कोणत्या सजाचा अधिकार कुणाकडं, ती यादी चावडीवर लावा.