दाराखालची फळी

गेल्या काही आठवड्यांत या सदरातून आम्ही चुलीचा धूर, विहिरीचा कठडा आणि माळ्यावरची शिडी यांविषयी लिहिले. आज विषय थोडा दूरचा आहे. परंतु दूरचे दार हळूहळू आपल्याही अंगणात येऊ लागले आहे, म्हणून वाचकबंधुभगिनींनी तो परका मानू नये, अशी विनंती आहे.

२०२३ सालच्या उन्हाळ्यात आम्ही कॅलिफोर्नियात पुतण्याच्या घरी राहिलो होतो. अमेरिकेत मोटार ठेवण्याची खोली बहुधा घरालाच जोडलेली असते. तिला गॅरेज म्हणतात. तिचे दार आपल्या दारासारखे बाजूला उघडत नाही. ते आडव्या फळ्यांचे बनलेले असून रुळांवरून वर चढते आणि छताखाली आडवे होऊन बसते. असे वर चढणारे दार सी. जी. जॉन्सन नावाच्या गृहस्थाने १९२१ साली तयार केले, आणि १९२६ साली त्यानेच ते विजेवर उघडणारे यंत्रही काढले. आज तेथील कितीतरी कुटुंबे घरात शिरतात ती याच दाराने. पुढचे दार पाहुण्यांसाठी उरले आहे.

पुतण्याच्या घरातील यंत्र १९८८ सालचे होते. पस्तीस वर्षे ते गुरगुरत का होईना, पण दार उघडीत आणि मिटीत होते. ते बदलावे काय, असा प्रश्न घरात निघाला, तेव्हा आमचे मत विचारण्यात आले. काटकसरीत वाढलेल्या माणसाने जे सांगावे तेच आम्ही सांगितले. चालते आहे त्यास हात लावू नये. पुतण्यालाही ते पटले.

सूनबाई मात्र गप्प राहिल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “काका, परवा छकुलीची तिचाकी सायकल दाराखाली राहिली होती. दार थांबले नाही, मागेही फिरले नाही. सायकलीची मूठ वाकली. मी यांना दोनदा सांगितले.”

छकुली त्या वेळी दोन वर्षांची होती. वर जाणारे आणि खाली येणारे ते दार तिला मोठी मौज वाटे, आणि ते खाली येताना त्याच्या आत पळत शिरणे हा तिचा आवडता खेळ होता. सूनबाईंचे बोलणे ऐकून आम्ही ओशाळलो. घरातील स्त्री दोनदा एक गोष्ट सांगते आणि पुरुषमंडळी खर्चाचा हिशेब करीत बसतात, हे काही आमच्याच घरी घडते असे नव्हे.

त्याच संध्याकाळी पुतण्याने दीड इंच जाडीची एक फळी दाराच्या मध्यभागी जमिनीवर आडवी ठेवली आणि भिंतीवरचे बटण दाबले. ही परीक्षा तेथे सर्वांना सांगितलेली असते. दार फळीला टेकताच त्याने उलट फिरून वर गेले पाहिजे. ते दार खाली आले, फळीला टेकले आणि दाबतच राहिले. वरची लोखंडी दांडी धनुष्यासारखी वाकली, यंत्र कण्हू लागले. पुतण्याने धावत जाऊन विजेचा खटका ओढला. कोणी काही बोलले नाही. फळीच्या जागी काय असू शकले असते, ते प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर उभे राहिले होते.

ही भीती कल्पनेची नव्हे. अमेरिकेत अशा दारांखाली सापडून अनेक मुले दगावली, म्हणूनच तेथील काँग्रेसने १९९० साली कायदा केला. १ जानेवारी १९९३ पासून घरगुती वापरासाठी बनणाऱ्या प्रत्येक यंत्रास तो लागू झाला. अडथळ्याला टेकल्यापासून दोन सेकंदांत दार उलट फिरले पाहिजे, आणि त्याखेरीज रक्षणाचे दुसरेही साधन असले पाहिजे, असे त्याचे सार आहे. हे दुसरे साधन म्हणजे बहुधा दाराच्या दोन्ही बाजूंस बसविलेले विजेचे डोळे. एका डोळ्यातून अदृश्य किरण निघतो, दुसरा तो झेलतो, आणि मध्ये कोणी आले की खाली येणारे दार माघारी फिरते. पुतण्याचे यंत्र या कायद्याच्या आधीचे होते. त्याला डोळे नव्हतेच.

परंतु टेकल्यावर तरी ते का फिरले नाही? त्याचे कारण शोधताना आम्हांस एक नवीच गोष्ट कळली. दार पूर्ण मिटलेले असताना यंत्रापासून लोंबणारी लाल मूठ ओढली की यंत्राचा आणि दाराचा संबंध तुटतो आणि दार हाताने उचलता येते. तसे करून पाहिले, तर दोघांना ते जेमतेम उचलले. कमरेइतके उंच नेऊन हात सैल केले, तर ते खाली येऊ लागले. वास्तविक नीट तोललेले दार अर्ध्यावर सोडले असता जागच्या जागी राहावयास हवे. कारण दाराचे वजन यंत्र उचलीत नाही; ते उचलते दारावरची पिळाची स्प्रिंग. दोन गाड्यांच्या रुंद दाराचे वजन शंभर किलोच्या आसपासही असू शकते. ते सारे स्प्रिंग तोलून धरते, आणि यंत्र केवळ त्यास वाट दाखविते.

येथे स्प्रिंग थकली होती, म्हणून दार जड झाले होते. आधीच्या घरमालकाने ती बदलण्याऐवजी यंत्राच्या पाठीवरचा जोराचा पेच पिळून ठेवला होता. यंत्रास अधिक जोर लावू दिला, म्हणजे दार चालू लागले. पण त्याबरोबर त्याची अडथळा ओळखण्याची शक्तीही गेली. मूळ दुखणे झाकले गेले आणि धोका मात्र वाढला. आपणही संसारात असे पेच पिळतो. थकलेल्या माणसाला विसावा न देता त्याच्यावर अधिक जोर लावतो, आणि काम होते आहे यातच समाधान मानतो.

नवे यंत्र आणण्यापूर्वी म्हणून स्प्रिंगचे काम झाले. हे काम घरच्या माणसाने कधीही करू नये. पिळलेल्या स्प्रिंगमध्ये एवढा जोर साठलेला असतो की निसटली तर हात मोडेल, प्रसंगी प्राणही जाईल. तारेच्या दोरांचेही तसेच. त्यासाठी कसबी कारागीर आला, त्याने दोन्ही स्प्रिंगा बदलल्या, आणि मग ते दार छकुलीच्या आईनेही एका हाताने उचलून दाखविले.

यंत्र बसविण्याचे काम काका-पुतण्यांनी मिळून केले. प्रथम वीज तोडली. जुने यंत्र जड असल्याने एकाने ते धरले व दुसऱ्याने बोल्ट सोडविले. दाराच्या वर मध्यभागी, भिंतीतील भक्कम लाकडावर नव्या दांडीचा आधार पक्का केला. यंत्र छताच्या तुळयांना लोखंडी पट्ट्यांनी टांगले. साखळीऐवजी पट्ट्याचे यंत्र घेतले, कारण त्याचा आवाज कमी आणि वरच्या खोलीत मूल निजते. डोळे जमिनीपासून सहा इंचांपेक्षा उंच नसावेत असा नियम आहे, कारण रांगणारे मूलही त्यांना दिसले पाहिजे. भिंतीवरचे बटण पाच फुटांहून उंच लावले; मुलांच्या हाती ते खेळणे होऊ नये. नव्या रिमोटचा संकेत दर खेपेस बदलतो, त्यामुळे एकाचे दार दुसऱ्याच्या रिमोटने उघडण्याचा जुना धोकाही गेला.

कॅलिफोर्नियात आणखी एक नियम आहे. २०१७ सालच्या ऑक्टोबरात तेथील उत्तर भागात वणवे पेटले, वीज गेली आणि काही लोकांना, विशेषतः वृद्धांना, गॅरेजची दारे उघडून बाहेर पडणे कठीण झाले. तेव्हा १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्रात बॅटरी असलीच पाहिजे असे ठरले. सुरक्षितपणे मिटणारे दार संकटात उघडलेही पाहिजे, हा त्याचा अर्थ.

शेवटी तीच फळी पुन्हा त्याच जागी ठेवली. दार आले, टेकले, आणि क्षणात वर फिरले. सूनबाईंनी क्रुसाची खूण केली. ती फळी पुतण्याने टाकून दिली नाही. दाराशेजारी खिळ्याला टांगून ठेवली आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो ती परीक्षा घेतो. डोळ्यांवर धूळ किंवा कोळ्याचे जाळे बसले की दार मिटत नाही. अशा वेळी कापडाने डोळे पुसावेत. कंटाळून ते डोळे काढून छताजवळ समोरासमोर बांधून ठेवणारे महाभागही असतात. त्यांनी दाराची खोड मोडली नाही; त्यास आंधळे केले.

आता आपल्याकडे पाहू. बेळगावच्या बाजूस काय किंवा गोव्यात काय, परदेशी कमावणाऱ्या मुलांनी बांधलेल्या घरांना विजेवर सरकणारी फाटके दिसू लागली आहेत. बाजारात दुकानांची विजेवर चालणारी शटरे आहेतच. ज्यांच्याकडे अशी सोय असेल त्यांनी आजच काही गोष्टी पाहाव्यात. अडथळा आला तर फाटक थांबते काय? त्याला डोळे आहेत काय, आणि ते चालू आहेत काय? रुळाच्या दोन्ही टोकांस भक्कम अडसर आहे काय? तो नसेल, तर जड फाटक रुळावरून निसटून माणसावर पडू शकते. मुलांना फाटकाला लोंबकळू देऊ नये. वीज गेल्यावर फाटक हाताने सोडविण्याची किल्ली घरातील प्रत्येकास, आजीसही, ठाऊक असावी.

नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येणार नाही, अशा अर्थाची आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. त्या काळी विजेची दारे नव्हती, पण आज्ञेचा आशय जुना झालेला नाही. आपल्या घरातील वस्तूने दुसऱ्याच्या लेकरास इजा होऊ नये, ही केवळ सावधगिरी नव्हे, तो धर्म आहे. संत योसेफही सुतारच होते. त्यांच्या हातच्या दाराखालून बाळ येशू किती वेळा धावत गेला असेल, आणि त्या दाराची बिजागरी त्यांनी किती वेळा तपासली असेल, याचा विचार आम्ही त्या रात्री जपमाळेच्या वेळी करीत होतो.

चालते आहे त्यास हात लावू नये, हा आमचा सल्ला आम्ही परत घेतो. चालते आहे ते कसे चालते, हे एकदा फळी ठेवून पाहावे.