रुक्मिणी उभी राहून गाते

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, ब्लूमिंग्टनला. इंडियाना युनिव्हर्सिटीत. विषय कॉम्प्युटर, पण शनिवारी संध्याकाळी स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून ऑपेराला! परवा त्याने व्हॉट्सअॅपवर तिथल्या सीझनच्या माहितीपत्रकाचा फोटो टाकला. सीझन म्हणजे वर्षभराचं टाइमटेबलच हो. कुठल्या महिन्यात कुठला ऑपेरा, सगळं आधीच ठरलेलं. गाणारे विद्यार्थी, वाजवणारेही विद्यार्थी. 1948 पासून हे चालू आहे. मुख्य भूमिकांना दोन-दोन जण, एक शुक्रवारी गातो, दुसरा शनिवारी. खाली भावाचा तिरकस प्रश्न : आपल्याकडे आहे का असलं काही?

मी तेव्हा अमरावतीला मामाकडे होते. दिवाळीनंतरचा लाँग वीकेंड, संत्री, मामीच्या हातचे मांडे... आयुष्य एकदम सही चाललेलं. फोटो मामाला दाखवला. त्याने चष्मा वर केला. "काहून वं, आपल्या रिद्धपुरात सातशे वर्सापयले गाण्याचं लगन लागलं, ते मालूम नाही काय त्याले?"

त्याला नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली. रिद्धपूर मोर्शी तालुक्यात. अमरावतीहून निघालो की बागांमधून तासाभरात गाव येतं. महानुभावांची काशीच ही. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू इथे राहत. त्यांचं वागणं जगावेगळं, लहान मुलासारखं. एकदा त्यांच्या मनात आलं, आपलं लग्न व्हावं. भक्तांनी लुटुपुटूचं लग्न मांडलं. आणि लग्न म्हटलं की गाणी हवीतच. ती रचली महदाइसेने. तेच तिचे 'धवळे', कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे. तेराव्या शतकाच्या शेवटाकडची गोष्ट. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण हिचं नाव दहा मार्कांसाठी पाठ केलं, पण ती प्रसंगात उभी राहून, समोर माणसं असताना गाण्यासाठी रचत होती, हे मला कुणी सांगितलंच नाही. म्हणजे नवरदेव आहे, मांडव आहे, प्रेक्षक आहेत, गाणं आहे. राहिलं काय? पडदा!

आता उडी मारू 1916 मध्ये. तीच रुक्मिणी, तोच कृष्ण. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'संगीत स्वयंवर'. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, रुक्मिणी बालगंधर्व. मधल्या सहा शतकांत ही मुलगी काही म्हातारी झाली नाही.

भावाला उत्तर पाठवलं : आहे की. आपला ऑपेरा म्हणजे संगीत नाटक. (तंतोतंत नाही, मान्य. ऑपेरात बहुतेक सगळं गाऊनच बोलतात, आपल्याकडे गद्य बोलतात आणि मनात मावेनासं झालं की गातात. पण मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मध्येही मधे बोलतातच ना!) वऱ्हाडाचा वाटाही काही कमी नाही. 'रणदुंदुभि' लिहिणारे वीर वामनराव जोशी अमरावतीचे. 'कट्यार काळजात घुसली'तले मूळ खाँसाहेब, वसंतराव देशपांडे, यांचा जन्म 1920 साली मूर्तिजापूरचा. 'मी वसंतराव' बघून थिएटरात रडलेल्या माझ्या पुणेकर मैत्रिणींनी नोंद घ्यावी.

भावाचं पुन्हा उत्तर : बरं, मग सीझन कुठाय?

इथे मात्र माझी बोलती बंद.

याचं खरं उत्तर मामेबहिणीने दिलं. ती नोकरी करून गाणं शिकते, विशारद झाली आहे. आवाज असा की मामी पोळी लाटता लाटता थांबते. दोन वर्षांपूर्वी स्पर्धेसाठी तिला एका संगीत नाटकात घेतलं. म्हणाली, "ताई, मला उभं राहून गाताच येईना." सगळं शिक्षण मांडी घालून, समोर तंबोरा, डोळे मिटून. आता उभं राहायचं, नऊवारी सांभाळायची, समोरच्याकडे बघायचं, वाक्य संपता संपता सूर धरायचा. तालमीत ती दोनदा रडली. दोन महिन्यांनी जमायला लागलं आणि मग प्रयोग झाला. एक. नेपथ्य परत गेलं, ऑर्गनवाला परत गेला, संपलं. दुसऱ्या प्रयोगात काय सुधारलं असतं, हे तिला अजून झोपेत आठवतं.

पूर्वी हे शिकायला कंपनी असायची. बालगंधर्व सतराव्या वर्षी किर्लोस्कर मंडळीत गेले, दीनानाथ मंगेशकर चौदाव्या. प्रयोगांवर प्रयोग, चुकलं तर उद्या पुन्हा. कंपनीच त्यांची युनिव्हर्सिटी. कंपन्या गेल्या आणि 'उद्या पुन्हा' हेही गेलं. यूट्यूबवर चाल मिळते हो. वाक्यावरून गाण्यात कसं चढायचं, वन्समोअर आल्यावर भूमिकेत परत कसं शिरायचं, हे लोकांसमोर दहा वेळा आपटल्याशिवाय येत नाही.

आणि योगायोग बघा. राज्याचं मराठी भाषा विद्यापीठ याच रिद्धपूरला स्थापन झालंय. विधेयक 2023 साली विधिमंडळात मंजूर झालं. लीळाचरित्राच्या गावाला विद्यापीठ मिळालं म्हणजे भाषाशास्त्र, पोथ्या, अनुवाद हे होणारच, व्हायलाच हवं. पण माझी एक हावरी मागणी आहे : इथे एक सीझन. वर्षाला तीन संगीत नाटकं पुरेत. प्रत्येकाचे आठ-दहा प्रयोग, रिद्धपूर, मोर्शी, अमरावती, अकोला. दोन रुक्मिणी, दोन कृष्ण. ब्लूमिंग्टनला त्या ऑपेरासाठी आख्खा वाद्यवृंद खड्ड्यात बसवावा लागतो. आपल्याला ऑर्गन, तबला, जमलं तर सारंगी. बजेट म्हणाल तर एखाद्या स्टार्टअपच्या ऑफसाइटपेक्षा कमी, हा माझा अंदाज. पोथीत धवळ्यांचे शब्द आहेत, स्वरलिपी नाही. चाल बांधायचं काम विद्यार्थ्यांना द्या, चुकू देत.

परतीच्या वाटेवर हा सगळा प्लॅन गाडीत मोठ्याने मांडला. मामा गाडी चालवत होता, हुं हुं करत होता. मामीने फक्त एकच विचारलं, "पयल्या खेळात रुक्मिणी कोन होईन?"

मागच्या सीटवरून उत्तर आलं नाही. आरशात पाहिलं. मामेबहीण खिडकीकडे तोंड करून गुणगुणत होती, आणि पाठ ताठ.