तेलाची बाटली डॉक्टरांना दाखवा

सिरसाळ्यात माझं मेडिकल आहे. बार्शीला किंवा संभाजीनगरला केमो घेऊन आलेल्यांच्या उलटीच्या गोळ्या इथूनच जातात. हल्ली त्या घेताना पोरगं हळूच मोबाइल पुढं करतं, "काका, गांजाच्या तेलानं कॅन्सर मरतो म्हणं. खरंय का?"

मी हात झटकत नाही, कारण ही निव्वळ थाप नाही. गांजातल्या टीएचसीनं उंदरांच्या फुप्फुसातली गाठ मंदावते, हे अमेरिकेत १९७५ सालीच दिसलं होतं. का, ते पुढं माद्रिदच्या मानुएल गुझमान यांच्या चमूनं उलगडलं. पेशीवर सीबी१, सीबी२ असे रिसेप्टर असतात. टीएचसी तिथं चिकटलं की मेंदूच्या गाठीच्या पेशीत सेरामाइड नावाचा स्निग्ध पदार्थ साचतो. प्रथिनं घडवणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो, टीआरबी३ हे प्रथिन वाढतं आणि पेशीला 'वाढत राहा' असा हुकूम देणाऱ्या एकेटीला ते दाबून टाकतं. मग पेशी स्वतःलाच पचवू लागते आणि मरते.

हे झालं काचेच्या बशीत आणि उंदरांत. २००४च्या एका प्रयोगात तेच टीएचसी अगदी कमी मात्रेत दिलं, तर कॅन्सरच्या पेशी उलट जोमानं वाढल्या! माणसांवरचा पुरावा तर चिमूटभर. २००६मध्ये माद्रिदच्या चमूनं नऊ रुग्णांच्या मेंदूतल्या गाठीत थेट टीएचसी सोडलं. त्रास फारसा झाला नाही, पण कुणी बरंही झालं नाही. २०२१मध्ये छापून आलेल्या एका चाचणीच्या तुलनेच्या टप्प्यात मेंदूच्या गाठीचे २१ रुग्ण होते. निकाल आशेचा, म्हणून पुढं मोठी चाचणी सुरू झाली. तिथंही गांजातलं औषध केमोच्या जोडीला दिलं, केमोऐवजी नाही.

परवा एकानं अशाच तेलाची बाटली काउंटरवर ठेवली. लेबलवर 'विजया अर्क' एवढंच; विजया म्हणजे गांजाचंच झाड. टीएचसी किती, सीबीडी किती, काही पत्ता नाही. सीबीडी हा गांजातलाच दुसरा घटक. तो यकृतातलं सीवायपी३ए४ हे विकर अडवू शकतो आणि डोसिटॅक्सेलसारखं केमोचं औषध मोडतं ते याच विकरामुळं. ते अडलं तर औषध रक्तात रेंगाळून अंगावर येऊ शकतं. "डॉक्टरांना सांगितलं का?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "वरडतेत ना!"

माझा राग आहे तो या वरडण्यावर. रुग्ण लपवतो तो त्यापायीच. डॉक्टरसाहेब, प्रत्येक तपासणीत 'आणखी काय घेता?' एवढं शांतपणे विचारा. आणि घरच्यांनो, फाइलच्या पिशवीत ती बाटलीही टाका.